उपवासाचं वजन

जगात पूर्ण पक्का सांधा कुठेच नसतो आणि निव्वळ सैल सांधाही नसतो. खांब आणि तुळईचा असो, की बहीण आणि भावाचा. जो टिकतो, तो या दोन टोकांच्या मधे कुठेतरी टिकतो. आधी सिद्धांत सांगावा, मग आख्यान लावावं, ही आपली जुनी रीत. सिद्धांत सांगून झाला. आता आख्यान.

कराडच्या सारंगपाणी सोसायटीच्या फाटकावर एक पाटी होती. अलीकडे ती सगळ्याच उंच इमारतींना लावावी लागते. तिच्यावर रोज पहाटे मोजलेला एकच आकडा असतो: ही इमारत आपल्या आपण सेकंदाला किती झोके घेते. हा झोका डोळ्यांना दिसत नाही, केसाच्या जाडीइतकाही तो नसतो. पण लोखंडी सांगाड्याच्या प्रत्येक सांध्यावर रुपयाएवढी चकती बसवलेली असते, तिला तो कळतो. या सगळ्या चकत्यांच्या मागे जे यंत्र आहे, त्याचं नाव कंपनीने ठेवलं होतं 'साक्षी'.

साक्षी आली आणि लोकांना आपल्या घराची नाडी कळायला लागली. चांगलंच झालं म्हणायचं. पण नाडी कळली की माणूस रोग शोधायला लागतो, आणि रोग नाही सापडला की तो लावणारा शोधतो. सोयरीक करताना पत्रिकेच्या आधी पाटी बघून यायला माणूस पाठवू लागले. आकडा किंचित उतरला, की वरचा खालच्याकडे बघायचा, खालचा वरच्याकडे. भिंतीत खिळा ठोकायचा तरी लोक दार लावून, हातोडीला फडकं गुंडाळून ठोकायचे.

मागच्या द्वादशीला सारंगपाणीची पाटी हिरव्याची पिवळी झाली होती, आणि त्या दशमीला सकाळीही ती पिवळीच होती.

शर्वरी गुरव दूध घेऊन आली, तेव्हा चेअरमन बसवराज शेटे पाटीखाली हात मागे बांधून उभे होते. शर्वरी चौथ्या मजल्यावर राहायची. इमारतींचे सांगाडे तपासून दाखले द्यायचे, हे तिचं काम. याही इमारतीचा दाखला तिच्याच सहीचा होता.

"बघितलात काय, बाई?" शेटे म्हणाले. "एक पूर्णांक शून्य एकवीस. नवी होती तेव्हा शून्य चाळीस होता. वीसच्या खाली गेला की लाल."

"बघितला, अण्णा."

"आणि मी एक गोष्ट टिपून ठेवलीय. हा रोज उतरत नाही. एकादशीला वर कीर्तन होतं आणि द्वादशीला पहाटे उतरतो. दर एकादशीला. वर्ष झालं, एक चुकली नाही."

शर्वरीने दूध दुसऱ्या हातात घेतलं. हे तिनेही पाहिलं होतं. तोंडातून काढलं नव्हतं, इतकंच.

"पावलीनं होत असेल, असं आधी वाटलं मला," शेटे पुढे म्हणाले. "शंभर-दीडशे माणूस एका ठेक्यात पाय टाकतंय म्हटल्यावर. पण साक्षी आज वेगळंच सांगतीय. तुमच्याकडं आलाय का कागद?"

"वर जाऊन बघते."

"बघा. आणि राग नका मानू," शेट्यांनी आवाज उतरवला, "सही करताना नात्याचा सांधा मधे आणू नका."

घरी येऊन शर्वरीने पडद्यावर साक्षीचा अहवाल उघडला. लाल अक्षरांत चार ओळी होत्या. सांधे सैल होत आहेत. संशयित सांधे: सातवा मजला, उत्तरेची बाजू. त्यांवर पाना लावणारा शेवटचा हात: अवधूत गुरव. आकडा मर्यादेखाली गेल्यास सर्व सांधे गोठवण्याचा आदेश आपोआप निघेल.

अवधूत तिचा धाकटा भाऊ होता.

सांध्यांचे बोल्ट वर्षातून एकदा ठरल्या जोराने आवळायचे, हे अवधूतचं काम. टॉर्क पान्यावर तो जोर मोजला जातो आणि पाना कुणी कुठे लावला, हे साक्षीला समजतं. सारंगपाणीत राहायला आल्यापासून हे काम त्याच्याकडेच होतं. पण येत्या वर्षी कंपनीची आवळणारी यंत्रं येणार होती आणि त्याचं काम जाणार होतं. शेट्यांनी हे बोलून दाखवलं नव्हतं, पण सगळ्या जिन्यात हेच चाललं होतं: काम जाणार म्हणून काम काढतोय. दशमीला वर जातो, सांधा सैल करतो. एकादशीला मृदंग तोच वाजवतो, लोकांना पावलीवर तोच नाचवतो. सैल केलेला सांधा हलतो आणि द्वादशीला पाटीवर आकडा उतरतो. मग लोक म्हणणार, बोलवा अवधूतला!

हिशोब बिनचूक बसत होता. शर्वरीला भीती त्याचीच वाटत होती.

आता इथे शास्त्र थोडं समजून घ्यायला हवं. जुन्या काळी इमारतीचं गणित करताना सांधा एकतर बिजागरीसारखा मोकळा धरत, नाहीतर एकसंध लोखंडासारखा ताठ. खरा सांधा दोन्हींच्या मधला. बोल्ट कितीही आवळा, पट्टी थोडी वाकते, भोकात थोडं सरकतं, कोपरा थोडा उघडतो. हे थोडं-थोडं सगळीकडे साठलं की सांगाडा मऊ होतो आणि झोका संथ होतो. म्हणून झोका संथ झाला की साक्षी म्हणते, सांधे सैल झाले.

पण मऊपणा म्हणजे नेहमी दुखणंच नव्हे. कोयनेच्या अंगाने येणारे धक्के जवळचे आणि चटचटीत असतात. सांधा थोडा देतो, म्हणून इमारत तो धक्का गिळते. कंपनीवाले सांधे गोठवतात, म्हणजे वितळलेलं लोखंड भरून एकजीव करतात. त्याने आकडा चढतो, पाटी हिरवी होते, पण इमारत ताठ होते. ताठ इमारत जोरात धक्का खाते आणि एखाद्या दिवशी काही न सांगता कोपऱ्यात चिरते. सारंगपाणीचे सांधे जर खरंच सैल होत असतील, तर गोठवणं हा नाइलाज. होत नसतील, तर ते दीडशे माणसांच्या डोक्यावर टांगलेलं लोखंड.

आणि कारणाच्या ओळीखाली सही शर्वरीची लागणार होती. 'मुद्दाम सैल केले' याखाली सही केली, तर अवधूतचा परवाना जाणार आणि पोलीस दारात येणार.

दुपारी ती जिन्याने वर गेली. सहावा मजला ओलांडला आणि वरून उतरणाऱ्या पावलांचा आवाज आला. सातव्याच्या वळणावर अवधूत समोर आला. खांद्यावर रिकामी कापडी पिशवी, केसात जाळं, हाताला हिरवट डाग.

"काय अक्का, आज लिफ्ट बंद?"

"तू वर काय करत होतास?"

तो हसता हसता थांबला. "का गं?"

"विचारतेय."

"तू विचारतीयस, का लिहून घेतीयस?"

"अवधू, दर दशमीला तू वर जातोस. लोकांनी बघितलंय. पिशवी भरून नेतोस, रिकामी आणतोस. सातव्याच्या उत्तर बाजूच्या सांध्यांना शेवटचा पाना तुझा आहे. मला फक्त सांग, वर काय असतं तुझं?"

"सेवा असते."

"कसली?"

"सांगितली की ती सेवा राहत नाही. आपल्या आबांनी शिकवलंय, तुलाही शिकवलंय." तो दोन पायऱ्या खाली उतरला, तिच्या बरोबरीला आला. अंगाला कसलासा कडू वास येत होता. "खरं सांग, अक्का. यंत्राला विचारलंस तेव्हाच तुझं ठरलं होतं ना? मला नुसतं विचारायचं म्हणून विचारलंस."

"तसं नाही रे—"

"मग सही कधी करणारेस, तेवढं सांग. मृदंग उतरवून ठेवतो. कोठडीत नेऊ देणार नाहीत."

तो तरातरा निघून गेला. शर्वरी सातव्याच्या सांध्यापाशी गेली. तुळईच्या पट्टीवरच्या नटावर ताजा ओरखडा होता. पान्याचा असेल. वर नेताना घासलेल्या घंगाळाचा असेल. कुणाच्याही कशाचाही असेल. पण संशय एकदा आत शिरला की त्याला ओरखडासुद्धा पुरतो. ती बराच वेळ त्या नटाकडे बघत राहिली आणि पाना न लावताच खाली आली. तिला पाना लावायची भीती वाटली, हे खरं कारण होतं.

एकादशी उजाडली. सारंगपाणीतली कीर्तनं दुपारी चारला होतात, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना उजेडात घरी जाता येतं. गच्चीवर पत्र्याचा सभामंडप, त्याच्या मागे एक लांब खोली. दोन वर्षांपूर्वी कृष्णा-कोयनेला पूर आला, तेव्हा खालच्या वस्त्यांतल्या लोकांची चूल आठ दिवस पेटली नव्हती आणि सोसायटीत तळघरात ठेवलेलं मदतीचं धान्य पाण्यात कुजलं होतं. त्यावरून वर्षापूर्वी मंडळींनी एक नेम धरला. एकादशीला आपल्या घरात धान्य शिजत नाही. जे शिजलं नाही, ते आपलं नाही. दर एकादशीला घरटी एक पायली, म्हणजे चारेक किलो, गहू वर आणायचा आणि मागच्या खोलीतल्या कोठ्यांत ओतायचा. पूर आला की तो खाली जाईल. आसपासच्या सोसायट्याही त्यात आल्या. शंभरेक घरं झाली.

शर्वरीनेही आपली पायली आणली. कोठीच्या माथ्यावरच्या नरसाळ्यातून गव्हाची धार सोडली, हात जोडले आणि येऊन बायकांच्या रांगेत बसली. तिच्याभोवती नेहमीची गर्दी होती, पण जागा मोकळी होती. समजतं माणसाला.

"आलीय तरी," मागून कुणीतरी पुटपुटलं. "भाऊ वाजवणार, बहीण मोजणार."

"बघू आज कुठला सांधा हलतो ते," दुसरी म्हणाली, आणि दोघी तोंडाला पदर लावून हसल्या.

कीर्तनाला मंदाकिनीताई उभ्या राहिल्या. साठीच्या, ठेंगण्या, आवाज मात्र खणखणीत. मागे टाळकरी दोन रांगांत. डाव्या हाताला अवधूत मृदंग घेऊन बसला होता. तो कुणाकडेच बघत नव्हता. पेटीचा सूर घेऊन त्याने मृदंगाच्या उजव्या तोंडावर ताणलेल्या चामड्याच्या पुडीच्या काठावर हातोडीचे चार ठोके दिले, सूर चढवला. मग वाटीतल्या कणकेचा गोळा घेऊन डाव्या पुडीच्या मधोमध थापला आणि थाप मारली. गंभीर, खोल आवाज आला. जणू मंडपाच्या पोटातून आला.

ताईंनी दानाचं निरूपण लावलं होतं. "दान देताना," त्या म्हणाल्या, "हात सुटतो, पण गाठ सुटत नाही. माणूस देतो, आणि दिलेल्याकडे बघत बसतो." लोक हसले. शेटे पहिल्या रांगेत होते. त्यांनी मान डोलावली आणि एक डोळा अवधूतच्या हातांवर ठेवला.

मग गजर सुरू झाला. विठ्ठल विठ्ठल. टाळकरी पावलीला उठले. दोन पावलं पुढे, एक मागे, सगळ्यांची टाच एका क्षणी. शर्वरीला आज त्यात गोडी येईना. जमिनीचा हलका उसासा तिला पायातून कळत होता आणि कान नको ते ऐकत होते: आत्ता, याच ठेक्यात, सातव्यावर एखादा बोल्ट सुटत असेल काय?

गजर टिपेला गेला आणि मृदंग चुकला.

चुकला म्हणजे ठेका नव्हे, आवाज. डाव्या पुडीवरची वाळलेली कणीक उडाली आणि टाळकऱ्यांच्या पायात जाऊन पडली. खोल आवाज एकदम वर चढला, पत्र्याच्या डब्यासारखा. ताईंनी भुवई उचलली. अवधूतने उजव्या हाताने ठेका धरून ठेवला, डाव्याने वाटीतली ओली कणीक घेतली आणि चालत्या बोलात पुडीवर थापली. आवाज पुन्हा खाली उतरला, होता तिथे.

पुडी ताणून धरणाऱ्या वादीला त्याने हात लावला नव्हता. हातोडी मांडीखालीच होती. मृदंग काही सैल केला नव्हता.

शर्वरी उठून उभी राहिली.

पुडीचा सूर उतरायला वाटा दोन. वादी सैल करा, नाहीतर वजन वाढवा. साक्षीला एकच वाट ठाऊक होती. इमारतीत कुठे किती वजन आहे, हे प्रत्येक घर वर्षातून एकदा तिला कळवतं: कपाटं, टाक्या, पियानो असेल तर पियानो. ते वजन साक्षी पक्कं धरते. त्यानंतर सूर उतरला की दोष सांध्यांचा. आणि मागच्या खोलीतलं कुणी कळवलं होतं? ते कुठल्याच घराचं नव्हतं. ते उपवासाचं होतं. जे आपण खाल्लंच नाही, त्याला वजन असतं, हे शंभर घरांतल्या एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. तिच्याही नाही, आणि ती तर आत्ताच पायली ओतून आली होती.

गेल्या पावसाळ्यात पूर आला नव्हता. धान्य खाली गेलंच नव्हतं. वर्षभराची पायली, शंभर घरांची. नऊ-दहा टन गहू, इमारतीच्या थेट माथ्यावर, जिथे वजनाने झोका सगळ्यात जास्त मंदावतो.

भर गजरात ती रांगेतून बाहेर पडली. कीर्तनातून मधेच उठणं आपल्यात बरं दिसत नाही. शंभर डोळे तिच्या पाठीला लागले, त्यात दोन अवधूतचे.

घरी येऊन तिने साक्षीचा अहवाल बाजूला सारला आणि चकत्यांची मूळ मापं उघडली. सांधा सैल होतो तेव्हा इमारत झुलते, पण सरळ रेषेत नाही. जिथे सैल, तिथे तिच्या वाकण्याला कोपरा पडतो, मोडक्या बोटासारखा. माथ्यावर वजन वाढलं, तर वाकण्याचा आकार जवळजवळ तोच राहतो, फक्त चाल मंद होते. तिने वर्षापूर्वीचा आकार आणि आजचा आकार एकावर एक ठेवले. सातव्याला कोपरा नव्हता. कुठेच नव्हता. साक्षीला कुणाचं तरी नाव सांगायचं होतं, म्हणून तिने शेवटचा हात सांगितला होता.

शर्वरीला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं. आणि लगेच दुसरा विचार आला: भाऊ सुटावा म्हणून मी हे शोधतेय का? शेटे हेच म्हणणार.

शेटे हेच म्हणाले. कीर्तन सुटल्यावर ती फाटकापाशी त्यांना गाठून सांगत होती. ते ऐकत होते, पण पाटीकडे बघत.

"गव्हानं?" ते म्हणाले. "आठ मजल्यांची लोखंडी इमारत गव्हानं हलतीय? बाई, अहो, घरी बायकोला सांगितलं तर ती मला दळण आणायला पाठवणार नाही."

"कोठ्यांतला गहू खाली आणू. आकडा चढला तर माझं खरं. नाही चढला तर मी सही करते."

"कसल्या कारणाखाली?"

"साक्षी म्हणते त्या."

शेट्यांनी पाटीकडे बोट दाखवलं. "उद्या द्वादशी. पहाटे आकडा लाल झाला तर कंपनीची गाडी दुपारपर्यंत दारात येईल."

"तर मग सकाळीच."

पहाटे पाटीवर शून्य एकोणीस होतं, लाल. काल ओतलेल्या पायल्या तिच्याआधीच बोलल्या होत्या.

गच्चीवर कोठ्यांची झाकणं उघडली, तेव्हा खोलीभर तोच कडू वास पसरला. गव्हात कडुनिंबाचा पाला होता. ताजा, दशमीचा. प्रत्येक कोठीत, वरपासून तळापर्यंत हाताने कालवलेला. एकाही दाण्याला कीड नव्हती.

शर्वरी पाल्याची काडी हातात धरून उभी राहिली. अवधूत दाराशी होता. त्याने ते पाहिलं. एक पोतं पाठीवर घेतलं आणि जिना उतरू लागला.

पोती खाली जाऊ लागली. जिन्यावर माणसांची साखळी लागली. मंदाकिनीताईंनी मुक्काम केला होता. त्या फाटकात खुर्ची टाकून बसल्या, पाटी वाचायला; आज शर्वरीने साक्षीला सतत मोजायला लावलं होतं. "शून्य चोवीस!" त्यांचा आवाज आठव्या मजल्यापर्यंत ऐकू यायचा. "शून्य एकोणतीस! अरे, चढतंय रे बाबांनो!" लाल पिवळं झालं, पिवळं हिरवं झालं. खाली पोत्यांची रास वाढत गेली. एकदा ताई त्या राशीकडे बघून म्हणाल्या, "काय गंमत आहे. दान म्हणून आणलं, ते घरातून बाहेर पडलंच नाही. नुसतं आठ मजले चढून बसलं. पुराची वाट बघत होता होय? भूक काय फक्त पुराच्या पाण्यातून येते?" मंडळातल्या दोघांनी लगेच फोन लावले. दुपारी टेंपो आला आणि अर्ध्याअधिक पोती डोंगराकडच्या आश्रमशाळेच्या वाटेला लागली.

शेवटचं पोतं उतरलं. ताईंची हाक आली, "शून्य अडतीस!"

गच्चीवर वीस-पंचवीस माणसं घाम पुसत होती. शेटे पण होते. त्यांनीही दोन पोती उचलली होती. त्यांनी आकडा ऐकला आणि हळूच म्हणाले, "अडतीस. चाळीस नाही."

माना वळल्या, त्या अवधूतकडे.

"म्हणजे थोडा तरी सैल आहेच की," शेटे म्हणाले. "गव्हाचं गव्हाला. उरलेलं कुणाचं?"

आणि शर्वरीला तो जुना संशय पुन्हा चावला. एवढं सगळं होऊन, हातात कडुनिंबाची काडी असताना. अवधूतने तो तिच्या चेहऱ्यावर वाचला. तो पुढे आला, कमरेचा टॉर्क पाना काढून तिच्यासमोर धरला.

"घे. जा सातव्यावर."

तिने पाना घेतला. तिची नजर गच्चीवरून फिरली: शेटे, टाळकरी, पाणी वाटणाऱ्या बायका, कठड्याला टेकलेली पोरं. आणि तिला हसूच आलं.

"अण्णा, तुमचं वजन किती?"

"आं?"

"आपण सगळे वर उभे आहोत. वीस-पंचवीस माणसं. उरलेलं आपलंच आहे. चला, खाली चला सगळे, पारणं सोडायचंय!"

लोक धडाधड उतरले. थोड्या वेळाने खालून ताईंचा जयघोष ऐकू आला, मागोमाग टाळ्या, आणि शेट्यांचा मोठ्ठा आवाज: "चाळीस! पाव्हणं, चाळीस!" कंपनीची गाडी फाटकातून आत न येताच परत फिरली.

शर्वरी उतरली नव्हती. अवधूतही नव्हता. तो रिकाम्या मंडपात मृदंगापाशी बसून कालची वाळकी कणीक नखाने खरवडत होता.

"झालं ना चाळीस?" तो म्हणाला. "आता पाना दे इकडं."

"नाही देत. चल सातव्यावर."

त्याने मान वर केली. डोळे कोरडे होते, पण लाल. "अजून?"

"अजून. सही माझी आहे, दीडशे माणसं झोपतात खाली. आणि मी तो पाना परवाच लावायला हवा होता. लावला नाही, कारण मला वाटलं, सैल निघाला तर? तपासलं म्हणजे अविश्वास होत नाही रे अवधू. न तपासता ठरवून टाकलं, तो अविश्वास. तो मी केला."

तो उठला. दोघं सातव्यावर गेली. तिने एकेका नटाला पाना लावला, आणि दर वेळी ठरल्या जोरावर पान्याने 'टक्' म्हटलं. ओरखड्याच्या नटानेही. अवधूत भिंतीला टेकून, हाताची घडी घालून ऐकत होता. शेवटच्या टक् नंतर त्याने नुसता श्वास सोडला.

"कडुनिंबाचं सांगितलं असतंस तर?" तिने विचारलं.

"तू नीट विचारलं असतंस तर."

काही सांधे लगेच मूळ जागी बसत नाहीत. थोडं सरकणं राहतंच. ती त्याच्यामागून मंडपात परत आली. त्याने मृदंग मांडीवर घेतला, वाटीतल्या उरलेल्या पिठात पाणी घातलं आणि वाटी तिच्यापुढे सरकवली. लहानपणी त्यांचे वडील, आबा, दोघांकडून असंच मळून घ्यायचे.

तिने गोळा मळला आणि पुडीवर थापला. अवधूतने थाप मारली. मृदंग म्हशीसारखा हंबरला.

"अक्का," तो म्हणाला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या मिशीत हसू हललं, "अर्धी काढ. शेटेअण्णा खाली पाटी बघत बसलेत."